मापाची कणीक

आधीच सांगून ठेवते, चूक माझी निम्मीच होती. उरलेली निम्मी आमच्या यांची. मापाची कणीक साध्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये सारायची आणि बायकोला एका शब्दाने सांगायचं नाही, याला काय म्हणायचं? पण मी पडले तोंडाळ, म्हणून दोष दिसतो तो माझा. हे बोलतच नाहीत, त्यामुळे यांचं सगळं झाकून जातं.

आमचे हे म्हणजे सहदेव. चौतीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस घरात बसेल, चार गोष्टी बोलेल, आम्ही गावी साताऱ्याकडे जाऊन राहू. कसलं काय. महिन्याभरात इस्टेटमधल्याच एका ओळखीच्या गाळ्यात कोपरा घेतला, लाकडाचं लेथ मशीन बसवलं आणि हत्यारांच्या मुठी करायला लागले. पटाशीची मूठ, टोच्याची मूठ, स्क्रू ड्रायव्हरची मूठ. त्याही साध्या नाहीत. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडून अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे जाड प्लॅस्टिकचे, उरलेले तुकडे आणायचे, लाल, पिवळे, निळे. फर्निचरवाल्यांकडून परदेशी लाकडाचे ठोकळे आणायचे, कुठलं आफ्रिकेचं, कुठलं ब्राझीलचं. दोन्ही एकमेकांना चिकटवायचं आणि लेथवर फिरवायचं. लाकडाचा भुसा पडतो आणि अ‍ॅक्रिलिकच्या लांबलांब फिती निघतात. त्या केसांत अडकलेल्या तशाच घेऊन घरी येतात. साठी उलटलेला माणूस, डोक्याला गुलाबी फीत लावून कोपरीच्या बाजारातून भाजी घेऊन येतो. मी आता बोलायचं सोडून दिलंय.

पण काम चोख हो, ते नाही म्हणता येणार नाही. यांची माप घ्यायची रीतच वेगळी आहे. पट्टी नाही, टेप नाही. गिऱ्हाइकाच्या हातात कणकेचा गोळा द्यायचा आणि सांगायचं, हत्यार धरता तसा दाबा. कुठलं बोट जोर लावतं, कुठलं नुसतं टेकून बसतं, अंगठा कुठे जातो, सगळं त्या गोळ्यात दिसतं म्हणे. मग लेथवर मूठ गोल काढायची आणि गोळा समोर ठेवून कानशीने बोटांच्या जागा करायच्या. कणीक आंबू नये म्हणून तीत चांगलं दोन चमचे मीठ घालतात. मीठ माझ्या बरणीतलं, कणीक माझ्या डब्यातली, परात माझी.

आणि माझं उलथणं? ते आमच्या सासूबाईंचं, हौसाबाईंचं, अस्सल लोखंडी. त्यावर घावन काय सुटतं, थालीपीठ काय उलटतं, विचारू नका. त्याची मूठ जळून तुटली त्याला आठ वर्षं झाली. मी चिंधी गुंडाळून चालवते. ते हातात फिरतं, कारण माझी उजवी करंगळी मिटत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाटाच्या दारात सापडली, ती वाकडी राहिली ती राहिलीच. यांना म्हटलं, अहो, साऱ्या ठाण्याला मुठी करून देता, मला एक द्या की. उत्तर ठरलेलं. "करू की." तीन वर्षं ऐकतेय मी हे करू की.

तर त्या रविवारी लक्ष्मीबाई आल्या. पितृपक्ष चालू होता. माजिवड्याच्या आगरी घरातल्या, सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू. बरोबर मुलगा, विकी, चाळिशीचा, गळ्यात साखळी, बाहेर भलीमोठी गाडी. गाळा रविवारी बंद म्हणून घरीच आले. लक्ष्मीबाईंनी पिशवीतून एक जुनं खुरपं काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. खुरपं झिजून निम्मं झालेलं, पण पातं चकचकीत.

विकीने सगळं सांगितलं. पूर्वी यांची भातशेती होती, मिठागरं होती. आता त्या जागेवर बिल्डिंगी. बिल्डिंग आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये एक पट्टा उरलाय, दोन गाड्या लागतील एवढा. तिथे आई वांगी, मुळा, माठ लावते. गेल्या उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा हलका झटका आला. चालते-बोलते सगळं, पण उजवी मूठ अर्धीच मिटते. खुरपं धरलं की गळून पडतं. पट्ट्यात तण माजलंय.

"सोसायटीवाले पार्किंगसाठी मागे लागलेत काका," विकी म्हणाला. "आम्ही भावांनी ठरवलंय, दसऱ्यापर्यंत थांबायचं. आई स्वतःच्या हाताने खुरपायला लागली तर जागा तिची, कोण हात लावणार नाय. नाय जमलं तर पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे. उगाच तिने बघत बसायचं नि रडायचं, ते बघवत नाय आम्हाला."

"माली ठेवू बोलतो यो," लक्ष्मीबाई मला म्हणाल्या. "माली ठेवला तं वावर मालीचा झाला ना, बाय. मी काय करू? गॅलरीन बसून मोटारी मोजू?"

मला त्या बाईचं इतकं पटलं म्हणून सांगू. मी लगेच चहा टाकला, साखर सढळ हाताने.

यांनी लाकडाचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. लक्ष्मीबाईंनी एकेक उचलून पाहिला, वास घेतला. मग एका तुकड्यावर बोट ठेवलं. जांभळा. रंग लावलेला नव्हे, लाकूडच जांभळं.

"पर्पलहार्ट म्हणतात याला," हे म्हणाले. "कापलं की आतून मातकट दिसतं. उजेडात ठेवलं की चार दिवसांत जांभळं होतं. एवढा एकच तुकडा आहे, वीतभर. परत मिळायचा नाही."

"यो माझे वांग्यांचा रंग," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "योच."

मग गोळा. लक्ष्मीबाईंनी हातात घेतला आणि दाबला. बोटं निम्म्यात थांबली. त्यांनी पुन्हा जोर केला, कपाळावर घाम आला, बोटं काही पुढे जाईनात. मुलासमोर त्या ओशाळल्या, ते मला दिसलं. हे म्हणाले, "जेवढं दाबलं जातं तेवढंच दाबा. मला खरं माप पाहिजे. हात जसा आहे तशी मूठ करायची, मुठीसाठी हात नाही बदलायचा."

इतकं लांबलचक वाक्य हे वर्षातून एकदा बोलतात.

पितृपक्षात नवीन काम नको, घट बसले की सुरू करा, असं लक्ष्मीबाईंनीच सांगितलं. खुरपं ठेवून त्या गेल्या. गोळा नेहमीच्या निळ्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात राहायचा, पण त्याचं झाकण आदल्याच दिवशी तडकलं होतं. यांनी गोळा माझ्या स्टीलच्या डब्यात घातला आणि फ्रीजमध्ये ठेवला. कधी ठेवला, मला पत्ता नाही. मी त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेले होते.

आता आमच्या घरची एक पद्धत ऐका. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, उरलेली कणीक गुळगुळीत गोळा करून ठेवायची नाही. तो पिंडासारखा दिसतो. चार बोटं उमटवायची आणि मगच झाकण लावायचं. छत्तीस वर्षं मी न चुकता बोटं उमटवते, आणि पितृपक्षात तर दोनदा बघून घेते.

बुधवारी दुपारी मी फ्रीज उघडला. स्टीलचा डबा, आत कणकेचा गोळा, त्यावर चार बोटांचे पुसट ठसे. माझाच म्हणणार ना कोणीही? लक्ष्मीबाईंच्या हातात जोर असता, गोळ्याचा पार मुटका झाला असता, तर मी ओळखलं असतं. मी गोळा तिंबला, चार चपात्या लाटल्या, भाजल्या. हे जेवायला बसले होते. गरम गरम वाढत गेले. यांनी तीन खाल्ल्या. मध्ये दोनदा पाणी मागितलं.

मग मी माझं ताट घेतलं, चौथ्या चपातीचा घास मोडला आणि तोंडात घातला.

मीठ. नुसतं मीठ.

यांच्याकडे पाहिलं तर हे शांतपणे हात धूत होते. मला वाटलं, नशीब, चौतीस वर्षं कॅन्टीनचं खाऊन यांच्या जिभेची चव गेलीय. हे डुलकी काढायला आत गेले आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या घामाघूम झाले. ती बाई बिचारी कपाळाला घाम येईपर्यंत दाबत होती, आणि तिचं माप आम्ही वांग्याच्या भाजीबरोबर खाल्लं.

सांगून टाकायला हवं होतं. कळतंय मला. पण कसं सांगायचं? आयुष्यभर मी यांना तुमचं लक्ष नसतं, तुमचं लक्ष नसतं म्हणून टोचत आले. आणि एकदा लक्ष माझं गेलं, तेही असं. तेव्हा मी काय केलं असेल? नवीन कणीक भिजवली, दोन चमचे मीठ घातलं, गोळा केला आणि माझ्याच मुठीत दाबला. पहिल्यांदा जोरात दाबला गेला. तो मोडला आणि दुसऱ्यांदा आजारी माणसासारखा हलकेच दाबला. डब्यात घातला, झाकण लावलं, फ्रीज बंद. देवाला हात जोडले.

रात्री काही झोप लागेना. सकाळी डोंबिवलीला लेकीला फोन लावला. संचिता आधी एवढी हसली की तिच्या ऑफिसातली माणसं बघायला लागली असावीत.

"आई, सांगून टाक ना बाबांना. खाणारेत का ते तुला?"

"खाऊन झालंय आधीच," मी म्हटलं. "आता काय शिल्लक आहे?"

"मग त्या आजींना परत बोलाव."

"आणि काय सांगू? तुमचा हात लाटला म्हणून?"

तिने पुन्हा हसायला सुरुवात केली. मी फोन ठेवून दिला. पोटची पोर अशा वेळी उपयोगाची नसते.

त्या संध्याकाळी मी यांना सांगायचं ठरवलं. हे नेमके उशिरा आले. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, "काम होतं जरा." चेहरा थकलेला. म्हटलं, उद्या सांगू. उद्या पाहुणे आले. परवा यांचा गुडघा दुखत होता. कारणं काय, शोधली की सापडतात.

घट बसले. सोमवारी सकाळी यांनी गाळ्यावर न्यायला फ्रीजमधून डबा काढला, झाकण उघडलं आणि गोळ्याकडे बघत उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. गोळा फिरवून फिरवून पाहिला. मी ओट्याशी कांदा चिरत होते, तो कांदा किती बारीक चिरला गेला ते माझं मला ठाऊक.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. "बरा उमटलाय."

आणि पिशवीत टाकून गेले.

पुढचे चार-पाच दिवस माझे कसे गेले सांगते. देवीला रोज माळ घालायची आणि रोज तेच मागायचं, लक्ष्मीबाईंचा आणि माझा हात सारखा निघू दे. ठेंगण्या त्याही, ठेंगणी मीही. पण त्यांची मूठ अर्धी मिटते, माझी पूर्ण मिटते, फक्त करंगळी सोडून. देवी तरी काय करणार? शिवाय माझं उलथणं गायब झालं. सगळं स्वयंपाकघर उपसलं. कामवाली मेघना चार वेळा म्हणाली, मी नाही घेतलं काकू, चिंधीवालं उलथणं मी कशाला नेऊ. तेही खरंच. म्हटलं, हे पाप फिरलं माझ्यावर, दुसरं काय.

शुक्रवारी मी डबा घेऊन गाळ्यावर गेले. आज सांगायचंच, असं रिक्षात तीनदा घोकलं. आत गेले तर हे चष्मा आणि तोंडाला मास्क लावून मशीनवर. समोर तो माझा खोटा गोळा, कागदावर ठेवलेला. मशीनवर मूठ फिरत होती, मातकट रंगाची, टोकाला पिवळ्या अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवलेला. पिवळ्या फिती उडत होत्या. मशीन थांबवून यांनी मूठ काढली आणि कानशीने एक खाच सारखी करायला घेतली. गोळ्याकडे बघायचे, कानस दोनदा फिरवायचे, परत गोळ्याकडे बघायचे. लहान पोराचं नाक पुसावं इतक्या हलक्या हाताने.

"विचित्र हात आहे गं," हे मान न उचलता म्हणाले. "करंगळी कामच करत नाही."

"आजारी आहे ना बाई," मी कसंबसं म्हटलं.

"हं," हे म्हणाले. "करंगळीला वेगळी जागा करावी लागणार."

"अहो, ऐका ना," मी म्हटलं. तेवढ्यात यांनी मशीन पुन्हा चालू केलं. त्या आवाजात माणूस काय कबुली देणार? डबा ठेवला आणि परत आले. रिक्षात बसल्यावर मला एकच दिसत होतं. दसऱ्यानंतर पेव्हर ब्लॉक घेऊन ट्रक येतोय आणि लक्ष्मीबाई गॅलरीत बसून मोटारी मोजतायत. आणि ते सगळं माझ्या चार चपात्यांमुळे.

खंडेनवमीच्या सकाळी गाळ्यात हत्यारांची पूजा. मी हळद-कुंकू, झेंडू, नारळ, पेढे घेऊन गेले. मशीन धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घातली होती. पाटावर लाल कापड, त्यावर पटाश्या, कानशी, करवत ओळीने. मध्यभागी लक्ष्मीबाईंचं खुरपं, वरून रुमाल. रुमालाखालून जांभळा रंग डोकावत होता. कडेला आणखी एक काहीतरी रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, पण माझं लक्ष खुरप्यावरून हलेना.

लक्ष्मीबाई आल्या, विकी आला. त्या हिरवं लुगडं नेसून, केसात फूल माळून आल्या होत्या. लग्नाला आल्यासारखं. ते बघून माझा धीर सुटला. यांनी रुमालाला हात घातला आणि मी मध्येच उभी राहिले.

"थांबा," मी म्हटलं. "ती मूठ तुमची नाही, लक्ष्मीबाई. म्हणजे लाकूड तुमचं आहे, माप तुमचं नाही. तुमचा गोळा मी चुकून लाटला. चपात्या केल्या. आम्ही खाल्ल्या. नंतर मी माझा हात दाबून ठेवला डब्यात. यांना काही माहीत नाही, यांचा दोष नाही. विकी, तुझ्या पाया पडते बाबा, तेवढा दसरा पुढे ढकल. आणखी पंधरा दिवस दे त्यांना."

मी डोळे पुसत उभी. आणि लक्ष्मीबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

"मना ठावं हाय, बाय," त्या म्हणाल्या. "दादा आलते ना आमचे घरा, दुसरे दिशीच. नवा गोला घेवाला. चाय पिऊन गेले, माझा वावर बगून गेले. तू यवरं सांग, माझे हाताची चपाती कशी लागली?"

"खारट," मी म्हटलं.

"खारटच लागंल. जलम मिठागरान गेलाय."

मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे झेंडूच्या माळेचा दोरा सारखा करत होते, जसं काही जगात तेवढंच काम उरलंय.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. पहिल्या घासाला."

"मग तीन खाल्ल्या कशाला?"

"तू वाढत होतीस," हे म्हणाले.

बघा आता. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

यांनी रुमाल काढला. खुरप्याची मूठ चांगली जाडजूड, मध्ये फुगीर, गर्द जांभळी, पात्याजवळ हिरव्या अ‍ॅक्रिलिकची अंगठीएवढी पट्टी. हुबेहूब देठ असलेलं वांगं. लक्ष्मीबाईंनी ते उचललं. बोटं निम्म्यात थांबली, आणि जिथे थांबली तिथेच मूठ त्यांना भेटली. त्यांनी खुरपं हवेत उचललं, खाली केलं, मनगट फिरवलं. पडेल म्हणून विकीने खाली हात धरला होता. त्यांनी त्या हातावर हळूच खुरप्याने टकटक केलं.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "नाय पडत."

विकीने हात काढला. मग तोंड फिरवून मोबाइल काढला आणि बराच वेळ त्यात काही न बघता बघत राहिला. "पेव्हर ब्लॉकवाल्याला नको सांगतो काका," एवढंच म्हणाला.

"आता तो दुसरा रुमाल काढ," हे मला म्हणाले.

मी काढला. आत माझं उलथणं. सासूबाईंचं लोखंड, घासून लख्ख केलेलं, आणि त्याला जांभळी मूठ, मागच्या टोकाला हळदीसारखा पिवळा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. खुरप्यातून उरलेलं लाकूड कमी पडत होतं, म्हणून शेवट अ‍ॅक्रिलिकचा केला होता. शुक्रवारी मशीनवर मी पाहिली ती हीच मूठ. मी हातात घेतलं. तीन बोटं तीन खाचांत बसली. आणि करंगळीसाठी कडेला, बाहेरच्या बाजूला, एक वेगळी छोटी जागा होती, वाकडी, माझ्या करंगळीएवढीच वाकडी. करंगळी तिथे जाऊन टेकली. उलथणं हातात फिरलं नाही.

"डबा उघडला," हे म्हणाले, "आणि करंगळी बाहेर दिसली. म्हटलं, ही आपली शालन आहे." मग म्हणाले, "कपाटाचं दार मीच लावलं होतं ना."

चौतीस वर्षं झाली त्या दाराला. मी विसरले होते की दार यांनी लावलं होतं. देवाशपथ विसरले होते. हे विसरले नव्हते. मी सगळ्यांसमोर रडले, अगदी हुंदके देऊन, हातात उलथणं धरून. मला कसलीच लाज वाटली नाही. लेकीच्या जन्माच्या वेळी असेन तेवढीच सुखात मी त्या दिवशी होते. लक्ष्मीबाईंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या हातात खुरपं, माझ्या हातात उलथणं, मध्ये आम्ही दोघी. विकी म्हणाला, फोटो काढतो, जरा हत्यारं खाली घ्या.

पूजा झाली. सगळ्यांना पेढे दिले. लक्ष्मीबाईंना तिथूनच वावरात जायचं होतं, पण यांनी अडवलं. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, उद्या सकाळी सुरुवात. त्या कुरकुरल्या, पण मानलं. माझ्या लगेच डोक्यात प्रकाश पडला.

"माझंही उलथणं पूजेला बसलंय," मी म्हटलं. "मलाही आज चालवता येणार नाही."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दुपारी मिसळ, रात्री पावभाजी, दोन्ही हे स्वतः जाऊन घेऊन आले. संध्याकाळी संचिताला उलथण्याचा फोटो पाठवला, तर तिने विचारलं, आई, हा खरंच तोच माणूस आहे का, करू की म्हणणारा. मी म्हटलं, तोच गं. यांनी करू की म्हटलं होतं, करणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

दसऱ्याला सकाळी मी ज्वारीची थालीपिठं लावली. नवीन मूठ, जुनं लोखंड. पहिलं थालीपीठ काय सुटलं तव्यावरून. तेवढ्यात यांचा फोन वाजला. विकीने व्हिडिओ पाठवला होता. दोन बिल्डिंगींच्या मध्ये, कंपाउंडच्या भिंतीशी, लक्ष्मीबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्यात आणि खुरपतायत. हळू, पण सलग. वांग्याच्या रांगेतलं तण निघून बाजूला पडतंय. मागून विकीचा आवाज, आई, दमलीस का. आणि त्यांचा आवाज, त्याच्याकडे न बघता, "उभा काय ऱ्हायलास? ती बादली घे नि गवत उचल."

आम्ही दोघांनी तो तीनदा पाहिला. मग मी यांना थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा घातला आणि समोर उभी राहिले. हातात उलथणं, करंगळी आपल्या जागेवर.

"कसं झालंय?"

यांनी घास मोडला, लोणी लावलं, तोंडात घातला, सावकाश चावला.

"छान," हे म्हणाले. "फक्त मीठ जरा कमी वाटतंय."